उलटी केलेली तीन कार्डं

माझा भाऊ व्हर्नर हौताला याने एकतीस वर्षं आमच्या बर्फावरच्या हॉकीच्या लीगचं वेळापत्रक केलं, आणि त्या एकतीस वर्षांत त्याच्या हातून एकही चूक झाली नाही. हे वाक्य मी दोन वर्षं कुणासमोर उच्चारलं नाही. मूग गिळून बसले. म्हणून आता सगळं सांगते, आणि पहिल्यापासून सांगते.

व्हर्नर शाळेत गणित शिकवायचा. उंच, जरासा वाकलेला, शर्टाचं वरचं बटण उन्हाळ्यातसुद्धा लावलेलं. त्याची बायको गेली तेव्हा मी माझं घर विकून त्याच्याकडे राहायला आले, कारण हा बाबा सलग सहा दिवस उकडलेल्या अंड्यांवर काढायचा आणि सातव्या दिवशी माझ्याकडे जेवायला येऊन म्हणायचा, "माझं काही अडत नाही." मी लेम्पी, त्याच्याहून आठ वर्षांनी लहान. अल्डर बे कॉलेजाच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, तिकीट खिडकीत बसते. बावीस वर्षं त्या खिडकीत बसून माझे गुडघे गोठलेत, जीभ मात्र नाही.

आमच्या लीगमध्ये आठ कॉलेजं. तळ्याच्या काठाकाठाने पाच, आणि तीन पार पश्चिमेला, गवताळ मुलखात. एका सामन्यासाठी सहाशे मैल बर्फातून बस कोण नेणार? म्हणून जायचं ते एकदाच, आणि शुक्रवार-शनिवार तिथेच दोन सामने खेळून परतायचं. असे प्रत्येक कॉलेजाच्या वाट्याला बारा आठवडे. प्रतिस्पर्धी सात. म्हणजे पाच जणांकडे आपण जातो आणि तेही आपल्याकडे येतात, पण उरलेल्या दोघांशी वर्षात एकदाच गाठ. एक आपल्याकडे येतो, दुसऱ्याकडे आपण जातो. व्हर्नरचा नियम असा, की ज्याच्याकडे गेल्या वर्षी असं एकदाच गेलो, तो या वर्षी आपल्याकडे यायला हवा. त्यात परीक्षा आल्या, नाताळ आला, कुणाच्या रिंकवर शाळांच्या स्पर्धा, कुणाकडे नाचाचे कार्यक्रम. सगळं सांभाळून आठही जण सारखेच चिडले पाहिजेत, असं तो म्हणायचा.

हे सगळं चालायचं आमच्या तळघरात, टेबल टेनिसच्या टेबलावर. त्यावर शेवटचा खेळ कधी झाला देवाला ठाऊक. एप्रिल आला की त्यावर कार्डं मांडली जायची, एकेका भेटीचं एकेक कार्ड. एका बाजूला लिहिलेलं 'कॅल्डर अल्डर बेकडे', म्हणजे पश्चिमेचं कॅल्डर कॉलेज आमच्याकडे येणार, आणि तेच उलटं केलं की 'अल्डर बे कॅल्डरकडे'. तीन आठवडे तो त्या टेबलाभोवती फिरायचा. मी वरून हाका मारून थकायचे. "व्हर्न, सूप गार झालं!" "हो." "हो काय, ये!" "व्हाइट पॉइंटला नाताळाआधी तीन आठवडे सलग बाहेर राहावं लागतंय गं, ती पोरं घरी कधी जाणार?" ज्या पोरांचा चेहरासुद्धा कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी हा माणूस सूप गार करायचा. आणि ताठ किती! कुठल्या कोचने कॉफी पुढे केली तरी घेत नसे. स्वतःची थर्मासमधून न्यायचा.

त्या वर्षी पंधरा नोव्हेंबर शनिवारी आला होता. पंधरा नोव्हेंबर म्हणजे हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. त्या दिवशी आमच्या गावात अंत्यविधीसुद्धा पुढे ढकलतात. झाडून सगळे पुरुष रानात, आणि आम्ही पाच बायका बर्निसच्या तळ्यावरच्या केबिनमध्ये. सॉनाच्या गरम लाकडी खोलीत घाम काढायचा, वेलदोड्याचा गोड पाव खायचा, पत्ते कुटायचे, आणि जे रानात गेलेत त्यांची मनसोक्त निंदा करायची. एकोणीस वर्षांत मी एकदाही चुकवलं नव्हतं. नवरा वारला त्या वर्षीसुद्धा गेले होते. खरं तर त्या वर्षीच जास्त गरज होती.

आणि एप्रिलमध्ये टेबलावर पाहते तर काय, चौदा-पंधरा नोव्हेंबर, कॅल्डर अल्डर बेकडे. म्हणजे मी रिकाम्या रिंकसमोर खिडकीत बसून अकरा तिकिटं विकणार!

"व्हर्न, हे काय? पंधरा तारखेला घरचे सामने लावलेस?"

"मी नाही लावले. आले ते."

"आले म्हणे! आभाळातून पडले का? हलव की जरा."

"एक हलवलं की नऊ हलतात."

"मग हलव नऊ. तुला दुसरा उद्योग काय आहे?"

त्याने चष्मा काढून पुसला. "लेम्पी, मागच्या वर्षी व्हाइट पॉइंटच्या कोचने मुलीच्या लग्नासाठी एक आठवडा मागितला होता. त्याला नाही म्हणालो. आता बहिणीच्या सॉनासाठी हो म्हणू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचे मोजे मी धुते, त्याची औषधं मी आणते, आणि मला हा व्हाइट पॉइंटच्या कोचच्या रांगेत उभं करतो! दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाताच्या डॉक्टरकडे गेला, आणि मी तळघरात उतरले.

इतकी वर्षं त्याची बडबड ऐकून मी काही दगड राहिले नव्हते. एकच कार्ड उलटं केलं तर घरचे आणि बाहेरचे आठवडे जुळत नाहीत, तो चहा प्यायच्या आत पकडेल, हे मला ठाऊक होतं. पण त्या वर्षी आम्ही, कॅल्डर आणि व्हाइट पॉइंट, तिघांची एकमेकांशी एकेकदाच गाठ होती. कॅल्डर आमच्याकडे, आम्ही व्हाइट पॉइंटकडे, व्हाइट पॉइंट कॅल्डरकडे. तिन्ही कार्डं एकदम उलटी केली की तिघांची बेरीज पूर्वीइतकीच. भिंतीवरच्या यादीत पाहिलं, तिन्ही रिंक त्या त्या दिवशी मोकळे. केली उलटी. एक, दोन, तीन.

कॅल्डरचं कार्ड हातात घेतलं तेव्हा मला रोवन आठवला नाही असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण आठवला. रोवन म्हणजे वेंडेल ट्रेवॉर्थनचा मुलगा. वेंडेल आमच्या रिंकवर बर्फ गुळगुळीत करायची गाडी चालवायचा, माझ्याही आधीपासून. पोराला त्याच बर्फावर चालायला शिकवलं. आमच्या कॉलेजाने रोवनला घेतलं नाही. लहानखुरा आहे म्हणाले. तो दोन वर्षं कुठे कुठे खेळला आणि शेवटी कॅल्डरने त्याला उचललं. आदल्या वर्षी आमचा संघ तिकडे गेला होता. म्हणजे नियमाने या वर्षी कॅल्डर इकडे, आणि हे रोवनचं शेवटचं वर्ष. बापाच्या बर्फावर खेळायची त्याची ही एकच संधी. हे सगळं माझ्या डोक्यात आलं. आणि मी म्हटलं, त्यात काय, वेंडेल जाईल की कॅल्डरला. दोन पाय आहेत, गाडी आहे.

व्हर्नरने संध्याकाळी टेबलावरून सगळं वहीत उतरवलं. दात काढलेला, अर्धा गाल बधिर. आकडे जुळले, आठ कॉलेजांना पाठवलं. आमचा कोच नवा होता, त्याला मागच्या वर्षीचं काही माहीत नव्हतं. कुणी चकार शब्द काढला नाही. माझा जीव भांड्यात पडला.

मे महिन्यात वेंडेलच्या किडन्यांनी हात टेकले. साखरेचा जुना आजार. मंगळवार, गुरुवार, शनिवार, आठवड्यातून तीन दिवस सकाळी चाळीस मैलांवर जाऊन यंत्राला जोडून घ्यायचं. डोळेही जात चालले होते. मी ऐकलं आणि स्वतःला म्हटलं, बघू, अजून वेळ आहे.

जूनमध्ये छापील वेळापत्रक आलं. मी खिडकीच्या काचेला आतून चिकटवलं, आणि तासाभरात वेंडेल हजर. काचेला नाक लावून उभा.

"लेम्पी, नोव्हेंबर कुठाय? मला ही बारीक अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात."

"काय हवंय तुला?"

"कॅल्डरचा आठवडा. दोन्ही दिवसांची जागा आत्ताच धरून ठेव. पहिली रांग. शनिवारी यंत्रावरून दुपारी सुटतो मी, सामन्याला आरामात पोचेन. डॉक्टर म्हणतो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत डोळे राहतील न राहतील. म्हटलं, नोव्हेंबरपर्यंत राहा बाबांनो, मग खुशाल जा."

तो हसला. मी काचेमागून म्हटलं, "वेंडेल, कॅल्डर या वर्षी येत नाहीये. आपणच जातोय तिकडे."

"छे! गेल्या वर्षी गेलो होतो आपण. व्हर्नर असं कधी करत नाही."

"छापलंय तसं."

त्याने नाक काचेपासून मागे घेतलं. मग म्हणाला, "सहाशे मैल. आणि शनिवारी सकाळी मी यंत्रावर." मोजून पाहत होता, कुठून तरी जमतंय का. जमत नव्हतं. मला तेव्हाच तोंड उघडता आलं असतं. मी म्हटलं, "बघते व्हर्नरला विचारून."

व्हर्नर त्याच दुपारी तळघरात गेला आणि अंधार पडेपर्यंत वर आला नाही. मी जिन्यात उभी. तो वही आणि कार्डं समोर घेऊन बसलेला, आणि त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

"तिन्ही उलटी लावलीत मी," तो म्हणाला. "एक नाही, तिन्ही. आणि उतरवतानाही कळलं नाही. लेम्पी, असं कसं झालं?"

"दात काढला होता ना त्या दिवशी. औषधाची गुंगी असेल." हे मी बोलले. माझ्या तोंडून हे असंच्या असं बाहेर पडलं.

त्याने दोन आठवडे फोन केले. व्हाइट पॉइंट हो म्हणालं. कॅल्डरने त्या शनिवारी जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा ठेवला होता, हॉल धरला होता, पत्रं गेली होती. त्यांनी हात वर केले. मग व्हर्नरने टोपी घातली आणि वेंडेलच्या घरी गेला, मीही बरोबर. स्वयंपाकघरात उभं राहून, टोपी हातात घेऊन, माझा सत्तरी ओलांडलेला भाऊ म्हणाला, "माझी चूक झाली. तुझं मोठं नुकसान केलं मी. मला माफ कर." वेंडेल म्हणाला, "अरे, माणूस आहेस. बस, कॉफी घे." आणि व्हर्नरने कुणाच्या हातची कॉफी घेतलेली मी पहिल्यांदा पाहिली. मी ओट्याशी उभी राहून खिडकीबाहेर बघत होते.

पंधरा नोव्हेंबरला मी केबिनमध्ये गेले. हो, गेले.

वर्ष संपायच्या आत व्हर्नरने राजीनामा दिला. लीगने ते काम कॉम्प्युटरकडे सोपवलं. तो मेला कॉम्प्युटर पोरांना लागोपाठ दोनदा गवताळ मुलखात पाठवतो. त्याला काय थंडी वाजते? व्हर्नरने टेबल झाकून टाकलं. आणि मग तो बदलला. गॅस बंद केला का, हे तीनदा बघायचा. फ्रिजवर चिठ्ठ्या लावू लागला: 'मंगळवारी कचरा.' 'दाराला कुलूप.' 'लेम्पीला विचारणे.' एकदा दुकानातून फोन केला, "मी दूध घ्यायला आलोय की घेऊन निघालोय?" हातात दूध होतं. मूल रडलं तर उचलून घेता येतं, पण स्वतःच्याच डोक्याला घाबरलेल्या म्हाताऱ्याचं काय करायचं? मला उपाय ठाऊक होता. एका वाक्याचा होता. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगू, आणि रोज तो चिठ्ठी वाचून माझ्याकडे बघून ओशाळं हसायचा आणि माझी जीभ टाळ्याला चिकटायची. जितका उशीर होत गेला तितकं सांगणं जड होत गेलं.

गेल्या महिन्यात त्याने गाडीच्या किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या. "मी आता चालवणं बरोबर नाही." मी त्याला डॉक्टरकडे नेलं. तिथल्या बाईंनी त्याला घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले. हा पार दोनापर्यंत उतरला, त्या थांबा म्हणाल्या तरी. मग त्यांनी विचारलं, "विसरायला होतंय असं पहिल्यांदा कधी जाणवलं?"

व्हर्नर म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये. तीन कार्डं उलटी लावली मी. तिथून सुरू झालं."

बाई म्हणाल्या, वयाच्या मानाने डोकं उत्तम आहे, काळजी जास्त करता. तो मान हलवत राहिला, पण विश्वास ठेवला नाही. कसा ठेवेल? त्याच्याकडे पुरावा होता.

गाडीत बसलो. मी किल्ली फिरवली आणि बंद केली.

"व्हर्न, ती कार्डं मी उलटी केली."

"कुठली?"

"तीच. तू दाताच्या डॉक्टरकडे गेला होतास तेव्हा. मला बर्निसकडे जायचं होतं."

तो समोरच्या काचेतून बघत राहिला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याऐवजी हळूहळू त्याचा चेहरा उजळत गेला, सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस शाळेतल्या पोरासारखा माझ्याकडे वळला.

"म्हणजे मी बरोबर मांडली होती?"

"हो."

"तिन्ही?"

"तिन्ही, व्हर्न. तू कधीच चुकला नाहीस."

तो हसला. मोठ्याने, मांडीवर थाप मारून. मी रडत होते आणि हा हसत होता. मग एकदम थांबला. "वेंडेलला सांगितलंस?"

"नाही."

"चल."

"आज? व्हर्न, थोडं थांबू या, मी नीट..."

"गाडी चालू कर, लेम्पी."

वेंडेलची नजर गेल्या उन्हाळ्याआधीच पुरती गेली. रोवन आता पश्चिमेलाच नोकरी करतो. वेंडेल एकटाच स्वयंपाकघरात बसला होता, रेडिओ बारीक लावून.

"व्हर्नर का? आणि बरोबर लेम्पी. तुझ्या बुटांचा आवाज गावभर ओळखू येतो. बसा."

व्हर्नर बसला नाही. "मी इथे उभा राहून तुझी माफी मागितली होती. ती परत न्यायला आलोय."

"आता कशी देऊ? वापरून टाकली मी," वेंडेल हसला. "काय झालं काय?"

मग मी सांगितलं. तळघर, कार्डं, केबिन, जूनमधलं खिडकीतलं ते बोलणं. काही लपवलं नाही. रोवन आठवला होता हेसुद्धा सांगितलं. बोलताना माझा आवाज मलाच परका वाटत होता. "मला क्षमा कर असं म्हणायचीही माझी लायकी नाही, वेंडेल," मी म्हटलं, आणि ते मनापासून होतं.

त्याने हात लांब करून रेडिओ बंद केला.

"त्या शनिवारी संध्याकाळी मी रिंकवर गेलो होतो," तो म्हणाला. "किल्ली होती माझ्याकडे. सगळे रानात, रिंकवर चिटपाखरू नाही. बर्फाची गाडी बाहेर काढली, रेडिओवर कॅल्डर लावलं, आणि ते तिकडे खेळत होते तोवर इकडे बर्फ करत राहिलो. पुन्हा पुन्हा, त्याच बर्फावर. रोवनने दुसऱ्या भागात गोल केला. त्यांचा तो बोलणारा ओरडला तेव्हा मी आपल्या डावीकडच्या गोलच्या जाळीकडे बघितलं. तेव्हा दिसायचं मला थोडं."

व्हर्नरने टोपी टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली.

"लेम्पी," वेंडेलने विचारलं, "तिकडे तळ्यावर मजा आली का तुम्हाला?"

टोमणा असता तर मी सोसला असता. टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. नाही म्हणावंसं वाटलं, म्हणावंसं वाटलं की मला घास गेला नाही, डोळ्याला डोळा लागला नाही. व्हर्नर माझ्याकडे बघत होता.

"हो," मी म्हटलं. "खूप आली."

"बरं झालं," वेंडेल म्हणाला. "कुणाला तरी आली."

मग कॉफी करायला उठला आणि ओट्यावर केटली चाचपडू लागला. मी घाईने पुढे होऊन ती त्याच्या हाताशी सरकवली.

"राहू दे, लेम्पी," तो म्हणाला. त्याने केटली ओट्यावर परत मागे ढकलली आणि पुन्हा हाताने शोधायला लागला. "माझी मला सापडते."